आधीचा सूर

विद्यापीठात दर वर्षी एक गाण्यांचं नाटक बसायचं, आणि ते बसेपर्यंत कुणाला घडीभर बसायला मिळायचं नाही. नाट्यविभाग म्हणायचा नाटक आमचं, संगीतविभाग म्हणायचा गाणी आमची, आणि या दोघांची भांडणं ज्याच्या डोक्यावरून ये-जा करायची तो माणूस म्हणजे तालमीच्या खोलीत पियानोवर बसणारे काका. तसे ते कुणाचेच काका नव्हते. पण नवीन आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात त्यांना काका म्हणू लागायचा, आणि एकदा का म्हणाला, की मग आपली रडगाणी घेऊन त्यांच्याकडेच यायचा.

गाण्यांच्या नाटकाची एक गंमत असते. प्रयोगाला मोठा वाद्यवृंद असतो, पण ती मंडळी येतात अगदी शेवटी, प्रयोग तोंडावर आला की. तोपर्यंत सगळा गाडा एका पियानोवर चालतो. बासरी म्हणजे काका, व्हायोलिनं म्हणजे काका, ढोल म्हणजे काका, आणि नाटकात कुणी दार ठोठावलं तर तेही काकाच. मग वाद्यवृंद आला की काकांनी पियानोचं झाकण लावायचं आणि प्रेक्षकांत जाऊन बसायचं. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. निदान ते तसं सांगत असत.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. नाटकाची नायिका त्यांची मुलगी होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती एवढीशी होती. आता ती बापापेक्षा बोटभर उंच झाली होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. मुंगी नाट्यविभागात शिकत होती. आधीच्या नाटकांत ती कोरसमध्ये उभी राहिली होती, कधी गर्दी म्हणून, कधी समुद्राच्या लाटा म्हणून, आणि एकदा तर भिंत म्हणून. हे तिचं शेवटचं वर्ष. निवडीच्या दिवशी काका मुद्दाम विद्यापीठात फिरकलेसुद्धा नाहीत. तरी व्हायचं ते झालंच. यादी लागली आणि जिन्याखाली कुजबुज सुरू झाली की पियानोवर बाप असल्यावर आणखी काय होणार. मुंगीच्या कानावर ते आलं. त्या दिवसापासून ती तालमीला सगळ्यांच्या आधी जायला लागली.

नाटक होतं एका धक्क्यावरच्या तिकीटवालीचं. पलीकडच्या काठावर जाणाऱ्या बोटीची तिकिटं विकता विकता तिचं आयुष्य सरतं. सगळं गाव ये-जा करतं, ती कधी बोटीत चढत नाही. दुसऱ्या अंकात शेवटची बोट निघून जाते, खलाशी "आता उद्याच" म्हणतो आणि जातो, आणि रिकाम्या धक्क्यावर ती एकटी गायला लागते. पहिल्या चार ओळी नुसत्या गळ्यावर, एकही वाद्य नाही. पाचव्या ओळीला व्हायोलिनं येऊन मिळतात. आता व्हायोलिनं यायची ती कागदावर लिहिलेल्या पट्टीतच येणार. मुलीने सूर वर किंवा खाली धरला असेल, तर तिथे सगळ्यांसमोर शोभा होणार. अख्खं नाटक त्या चार ओळींवर उभं होतं, आणि तालमीत मुंगी त्या इतक्या बिनचूक घ्यायची, की नाच बसवणाऱ्या बाई दर वेळी डोळे पुसायच्या.

मग वाद्यवृंद आला. त्याच्यापुढे छडी घेऊन उभ्या राहणाऱ्या बाई संगीतविभागात नव्यानेच लागल्या होत्या. वयाने लहान, शिस्तीने मोठ्या. मुलं त्यांना मागून छडीबाई म्हणत. आणि दिग्दर्शकांना म्हणत थांबासर, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "थांबा" ने सुरू व्हायचं. काकांनी झाकण लावलं, मागच्या रांगेत जाऊन हाताची घडी घातली आणि लेकीचं कौतुक बघायला सरसावून बसले.

बोट गेली. खलाशी "आता उद्याच" म्हणाला आणि विंगेत गेला. मुंगीने तोंड उघडलं, आणि मिटलं. खलाशाने विंगेतून मान बाहेर काढून बघितलं. दिवेवाल्याचा हात बटणावर तसाच राहिला. छडीबाईंची छडी हवेत वर. सगळे कशाची तरी वाट बघत होते, आणि कशाची ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी थांबासर उभ्या जन्मात पहिल्यांदा "चला" म्हणाले. मुंगी दचकून जी सुटली ती भलत्याच उंच पट्टीत. चार ओळी कशाबशा झाल्या, पाचवीला व्हायोलिनं आली, आणि एकाच खोलीतल्या दोन घड्याळांनी वेगवेगळे टोले द्यावेत तसं झालं. पुन्हा करून बघितलं, तर या वेळी आवाजच फुटला नाही.

थांबासर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुंगीला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की रंगीत तालमीपर्यंत बघू. नाहीतर त्या चार ओळी खलाशाच्या बायकोचं काम करणाऱ्या मुलीला देऊ, तिचा सूर पक्का आहे, आणि पुढचं गाणं तू व्हायोलिनांबरोबर धर. मुंगीने हो म्हणून मान हलवली. जिन्याखालच्या मंडळींना मात्र आयतं कोलीत मिळालं. बापाने वशिला लावला, पण गळा कुठून आणणार, असं कुणीतरी म्हणालं आणि ते फिरत फिरत काकांपर्यंत आलं.

काकांनी एका क्षणात निदान केलं. घसा बसलाय. घरी आल्या आल्या त्यांनी पाणी उकळत ठेवलं, मुंगीला वाफ दिली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि तिला बोलायची बंदी केली. ती मुळातच बोलत नव्हती, त्यामुळे बंदी चोख पाळली गेली. मग त्यांना राहवलं नाही. हळूच बघू, असं म्हणत ते घरच्या जुन्या पियानोवर बसले आणि बोटीचं संगीत वाजवलं. मुंगीने चार ओळी घेतल्या. बिनचूक. पुन्हा घेतल्या. पुन्हा बिनचूक.

"घशाला काही झालेलं नाही," काका म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटण्याऐवजी जास्तच भीती वाटली.

एवढ्यात मुंगीची आई कामावरून आली. ती इस्पितळात पाय मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. दिवसभर लोकांना उठा, टेका, पाऊल टाका, असं सांगून तिचा आवाज कमावल्यासारखा झाला होता, आणि तालमी बघायला तिला कधी सवड झाली नव्हती. दारात एक बूट काढून दुसरा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. म्हणाली, परत एकदा करा बघू. त्यांनी परत केलं.

"अहो, तुम्ही हे दर वेळी करता?"

"काय करतो?"

"तिच्या आधी गाता."

काका खवळलेच. मी आणि गातो? उभा जन्म मी पियानोवर बसलोय, माझा आवाज ऐकलाय कुणी? बायकोने वाद घातला नाही. स्वयंपाकघरातून पाण्याचं भांडं आणलं आणि म्हणाली, तोंडात पाणी धरा, गिळायचं नाही, आणि आता वाजवा. काकांनी गाल फुगवून, डोळे वटारून वाजवलं. बोट गेली. मुंगीने तोंड उघडलं. काकांच्या घशात काहीतरी आपोआप वर आलं, पाण्याला जाऊन थडकलं, आणि अर्धं भांडं पाणी पियानोच्या पट्ट्यांवर आलं. मुंगी मात्र उघड्या तोंडाने तशीच उभी होती. तिच्याकडून काहीच आलं नव्हतं.

तेव्हा कुठे काकांना कळलं. पियानोवर बोटं टेकली की गाणाऱ्याच्या अगदी आधी ते खालच्या आवाजात, नाकातून, तोच सूर धरून द्यायचे. एवढासा हुंकार. त्यांना स्वतःला तो ऐकूच यायचा नाही, आणि बाकीच्यांना तो इतका सवयीचा झाला होता, की थांबासरांना तो गाण्यातच लिहिलाय असं वाटायचं. खलाशी तो ऐकला की विंगेतून पुढे निघून जायचा, दिवेवाला त्यावर बटण दाबायचा. आणि मुंगी त्याच्यावर पाय ठेवून गाण्यात उतरायची.

हसायला हवं होतं खरं, पण कुणी हसलं नाही. मुंगी फडक्याने पियानोच्या पट्ट्या पुसत होती.

"म्हणजे मला येतच नव्हतं," ती म्हणाली.

"येत नव्हतं असं नाही," आई म्हणाली. "येतं का नाही ते अजून कुणी बघितलेलं नाही. माझ्याकडच्या निम्म्या बायकांचे पाय कधीच बरे झालेले असतात. कोपर धरून चालवणारा नवरा तेवढा सुटत नाही."

काकांनी त्या दिवशी जेवताना ताटातून डोकं वर काढलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक चेहरे जात होते. किती मुलांना त्यांनी या पियानोवर तयार केलं होतं, आणि किती जणांनी बाहेर पडून गाणं सोडलं होतं. कुणी सांगायचं, बाहेर जमत नाही हो काका, तुमच्यासारखी साथ नाही मिळत. आणि ते ऐकून काकांची छाती फुगायची. आता ती आठवण त्यांच्या घशाखाली उतरेना. आपण मुलांना मदत करतो असं समजून आपण त्यांच्या वाटचा पहिला सूर खात आलो, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

पण सवय जाते थोडीच? सकाळी उठून ते तडक छडीबाईंकडे गेले. सगळं मोकळेपणाने सांगितलं आणि वर उपायही सांगितला. बोट जाताना क्लॅरिनेटने तो एक सूर हलकेच वाजवून ठेवायचा. प्रेक्षकांना वाटेल पाण्याचा आवाज, मुंगीला सूर मिळेल, काम फत्ते. छडीबाई लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, त्यात काय काका, सगळीकडे करतात. काका उड्या मारायचेच बाकी राहिले. तालमीच्या खोलीबाहेर मुंगीला गाठून त्यांनी ही बातमी दिली.

मुंगीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको."

काकांनी समजावलं की यात कमीपणा नाही, मोठमोठे गाणारे घेतात. ती म्हणाली, घेत असतील, त्यांना न घेताही येत असेल. मग ती थोडी घुटमळली आणि जे बोलली ते इतक्या मायेने बोलली, की काकांना रागावतासुद्धा येईना.

"बाबा, माझं एक काम करा. प्रयोगापर्यंत तालमीला येऊ नका. तुम्ही मागच्या रांगेत असलात तरी मी तुमची वाट बघते."

तसाही आता काकांचा पियानो कुणाला लागत नव्हता. ते पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायच्या खोलीत जाऊन बसले. रंगीत तालमीच्या दिवशी तिथे एक मुलगा गाण्याचा सराव करायला आला, आणि काकांनी पूर्ण वेळ दातांत पेन्सिल धरली. मुलगा गोंधळला, चुकला, पुन्हा चुकला, आणि मग काका काहीच करत नाहीत हे बघून त्याने वैतागून स्वतःच सूर शोधला. पेन्सिलीवर काकांच्या दातांचे खड्डे पडले होते. सभागृह दोन इमारती पलीकडे होतं. तिकडून दरवाजे उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज येत होते, गाण्याचा नाही.

घरी आल्यावर त्यांनी मुंगीकडे बघितलं. ती म्हणाली, झाली तालीम. बरी झाली का, हे त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. बायकोने डोळे मोठे केले तसं त्यांनी ते गिळलं. चार ओळी मुंगीकडेच आहेत की खलाशाच्या बायकोकडे गेल्या, हे त्यांना समजलं नाही, आणि कुणाला विचारायचीही चोरी झाली.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. काका आणि मुंगीची आई मधल्या रांगेत बसले. पहिला अंक सुरळीत गेला. लोक हसले, टाळ्या पडल्या, काकांना त्यातलं अक्षर आठवलं नसतं. दुसरा अंक सुरू झाला तसे ते खुर्चीच्या काठावर आले. खलाशाची बायको गाऊन आत गेली तेव्हा त्यांनी मनाशी हिशोब केला, अजून ती परत आलेली नाही, म्हणजे ओळी मुंगीकडेच आहेत. त्यांना आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी बायकोचा हात धरला.

बोट गेली. "आता उद्याच," खलाशी म्हणाला.

धक्क्यावर मुंगी एकटी. काकांच्या घशात तो हुंकार वर आला. त्यांनी ओठ घट्ट आवळले, श्वास रोखला. तालमीत ही जागा इतकी मोठी कधीच नव्हती. त्यांचाच सूर ती भरून टाकायचा. आता तिथे नुसती शांतता होती, आणि ती संपेना. मुंगीने तिकिटांचा गठ्ठा सारखा केला. खिडकीची झडप खाली ओढली. कुणीतरी खोकलं. खाली वाद्यांच्या घोळक्यात क्लॅरिनेटवाल्याने वाद्य उचलून ओठांना लावलेलं काकांना दिसलं, आणि ते समजले, छडीबाईंनी त्याला तयार ठेवलाय, मुंगी अडली तर वाजवायला. वाजव बाबा, असं त्यांच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं, नको, नको वाजवूस. दोन्ही खरं होतं. बायकोचा हात त्यांनी इतका दाबला होता, की तिची बांगडी तिच्याच मनगटात रुतली. तरी तिने तो काढून घेतला नाही.

मग मुंगी गायला लागली.

सूर बरोबर आहे की चूक हे काकांनी बघितलंच नाही. ज्या माणसाला दाराच्या करकरण्याचाही सूर सांगता यायचा, त्या माणसाला त्या घडीला काही सुचलं नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. क्लॅरिनेट खाली मांडीवर आलं. पाचव्या ओळीला व्हायोलिनं उठली आणि तिच्या आवाजाखाली अशी सरकली, की जोड कुठे आहे ते कळलंसुद्धा नाही. तेव्हा काकांनी श्वास सोडला. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं, इतका तो मोठा होता. छातीवरचं सगळं ओझं एकदम उतरलं, आणि अंधारात ते खुशाल रडले.

प्रयोग संपल्यावर सभागृहाबाहेर ही गर्दी. छडीबाईंनी काकांना गाठून सांगितलं ते भलतंच होतं. रंगीत तालमीत मुंगी साफ चुकली होती. सूर खाली लागला, व्हायोलिनं आदळली, थांबासर ओळी काढून घ्यायला निघाले होते. छडीबाईंनी स्वतः क्लॅरिनेटचा आग्रह धरला, तरी पोरगी ऐकेना. म्हणाली, एकदा प्रयोगात बघू द्या, नाही जमलं तर पुढच्या प्रयोगाला मी आपणहून सोडते. आणि हे बाबांना सांगू नका, नाहीतर ते काहीतरी करतील.

त्या उशिराच्या बातमीनेही काका आधी घाबरले. आणि मग त्यांना फार बरं वाटलं, इतकं की त्यांनी भिंतीला टेकून घेतलं. खरंच, कळलं असतं तर त्यांनी काहीतरी केलंच असतं.

मुंगी रंग न पुसताच बाहेर आली. जिन्याखालची मंडळी तिचे हात हातात घेत होती, आणि त्यांतल्या एकालाही वशिला आठवत नव्हता. आईने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तेवढंच पुरे असं समजून बाजूला झाली. मुंगी बापासमोर उभी राहिली. चेहऱ्यावर लहानपणी परीक्षा देऊन आल्यावर असायची तीच घाई होती.

"बाबा, सूर बरोबर लागला ना? पहिला?"

काकांनी आठवून बघितलं. पहिला सूर त्यांना आठवत होता, अगदी स्पष्ट. आधी एक बारीकसा श्वास, मग आवाज जवळजवळ नसल्यासारखा, मग हळूहळू अंगावर येत गेलेला. मुंगी गायला सुरुवात कशी करते हे त्यांनी आज ऐकलं. ती एवढीशी होती तेव्हापासून ती त्यांच्या शेजारी उभी राहून गात आली होती, आणि दर वेळी तिच्या आधी तिथे त्यांचाच आवाज असायचा.

"मला नाही कळलं गं," ते म्हणाले. "मी ऐकत होतो."